तेरा कप्प्यांची फाइल: लग्न आणि घराचं काम एकदम काढलं असेल तर घ्याच (खजुरी बाजार, इंदूर)

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

वस्तू एकदम साधी आहे. प्लॅस्टिकची एक्सपांडिंग फाइल, उघडली की पेटीच्या भात्यासारखी पसरते, आत तेरा कप्पे, वरती झाकण आणि झाकणाला इलॅस्टिकचा पट्टा. राजवाड्याजवळ खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांची आणि स्टेशनरीची इतकी दुकानं आहेत की कुठल्याही दुकानात विचारा, मिळते, दोनशे-अडीचशेच्या आसपास. ऑनलाइनपण मिळते पण मी म्हणेन हातात घेऊन उघडून बघूनच घ्या, कारण शेवटी सांगते.

आमच्याकडे प्रसंग असा की धाकट्या भावाचं लग्न आणि आई-बाबांच्या सुदामा नगरच्या घराची गच्ची आणि पुताई (म्हणजे रंगकाम), दोन्ही एकाच मोसमात. लोक म्हणतात कशाला एकदम काढलं, पण इंदूरमध्ये हे एकदमच येतं हो, टाळता येत नाही. पावसाळा संपल्याशिवाय भिंती सुकत नाहीत, सुकेपर्यंत दिवाळी येते आणि तेव्हा सगळ्या शहराला पेंटर हवा असतो, दिवाळी संपते न संपते तो देवउठनी ग्यारस, तुळशीचं लग्न, आणि तिथून मुहूर्त सुरू. परत डिसेंबरच्या मध्यावर खरमास लागतो, मग इथले पंडित थेट संक्रांतीनंतरचंच बोलतात. म्हणजे मधल्या त्या चार-पाच आठवड्यांत हॉल, टेंट, हलवाई, बँड, घोडी, मेंदीवाली सगळ्यांकडे झुंबड. बिनरंगाच्या घरात पाहुणे उतरवायचे नाहीत आणि ओल आलेल्या भिंतींच्या घरात सून आणायची नाही, हे आईचं म्हणणं, आणि तिचं चूक आहे असं मला वाटत नाही.

आता ॲप का नाही, हा प्रश्न माझ्या वहिनीने (होणाऱ्या) पहिल्याच भेटीत विचारला. तिच्या फोनमध्ये छान ॲप आहे, काउंटडाउन वगैरे येतो. पण टेंटवाला जो हिशोब देतो तो छापील पॅडवर बॉलपेनने लिहून देतो, हलवाई मेन्यू कागदावर खरडतो, हॉलवाला करारनामा देतो, पेंटचं दुकान शेडची चिठ्ठी देतं, ब्लाउजवाली पावतीला कापडाचा तुकडा टाचून देते. हे सगळं ॲपमध्ये कसं जाणार, फोटो काढून जाईल, पण मूळ कागद शेवटी ड्रॉवरमध्ये, फ्रिजवर, बाबांच्या शर्टाच्या खिशात आणि आईच्या पर्समध्येच फिरत बसतो. आणि आत्याला तर ॲप दाखवलं की ती चष्मा पुसायला लागते.

एक दुसरा पर्यायपण बघितला होता, तयार वेडिंग प्लॅनर डायरी. गुळगुळीत कागद, सोनेरी कडा. त्यात ब्राइड्समेडच्या ड्रेसचं पान आहे, केकचं पान आहे, हनिमूनला तीन पानं आहेत. ग्रहमख नाही, देवक नाही, रुखवत नाही, सीमांतपूजन नाही, मुंडावळ्या कोण आणणार त्याला जागा नाही. शिवाय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं पान त्यात कशाला असेल. ठेवून आले.

फाइलचं खरं काम कसं चालतं ते सांगते. कप्प्यांना नंबर असतात आणि सोबत छोटी लेबलं येतात. आम्ही लेबलांवर कामाचं नाव लिहिलं आणि त्याखाली एका माणसाचं नाव. एकच. दोन नावं लिहायची नाहीत, ही बाबांची अट होती, ते वीज मंडळातून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं दोघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. तर टेंट आणि रोषणाई दादा, हलवाई मी, दागिने आई, रुखवत आणि पूजेचं सामान आत्या, पाहुण्यांची तिकिटं मामा, गच्ची आणि पुताई बाबा, असं. प्रत्येक कप्प्यात सगळ्यात पुढे एक आपला कागद, त्यावर चार रकाने: तारीख, काय ठरलं, किती दिले, किती द्यायचे. मागे त्यांचे सगळे कागद. बस, इतकंच. पण ह्या एका नावाने जी शांतता आली ना घरात ती मी कुठल्याच ॲपने आलेली बघितली नाही. आधी सगळे आईला विचारायचे, आई रात्री झोपेतून उठून "अक्षता कुणी सांगितल्या का रे" करायची. दुसऱ्या आठवड्यापासून आई स्वतःच म्हणायला लागली, मला विचारू नका, पाच नंबरला विचारा.

आणि एक नियम, रविवारी संध्याकाळच्या चहाला फाइल टेबलावर येणार, सगळे कप्पे एकदा हातावेगळे करायचे, एरवी जेवताना लग्नाचा विषय नाही. आत्याने हा नियम रोज मोडला पण बाकीच्यांनी पाळला.

हलवाईचा कप्पा माझा होता म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगते, ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना कामाला येईल. आपल्याकडे बोलणं प्लेटवर होतं. प्लेटचा भाव ऐकून खूश होऊ नका, त्यात काय धरलंय ते लिहून घ्या. पाण्याच्या बाटल्या आहेत का, वाढपी किती, गॅस कुणाचा, सकाळचे पोहे-जिलबी वेगळे की त्यातच, बँडवाल्यांचं आणि ड्रायव्हरांचं जेवण कशात मोजणार, रात्री उशिरा चहा लागला तर कोण देणार. थंडीत लग्न असेल तर गराडूचा (तळलेल्या कंदाचा) काउंटर सगळ्यांना हवाच असतो, तो बहुतेक वेळा वेगळा लागतो. आमच्यात अजून एक भानगड, मुलीकडचे पुण्याचे, त्यांना वरण-भात, मसालेभात, मठ्ठा पाहिजे, आणि इंदूरच्या मंडळींना दाल-बाफले नसतील तर जेवल्यासारखं वाटत नाही. दोन्ही ठेवले, पण एका वेळी एक, सकाळी पंगतीला मराठी जेवण आणि रात्री मालवी. हे सगळं एका कागदावर, हलवाईची सही, तारीख, कप्प्यात.

मग प्लेटांची गॅरंटी. तुम्ही ४०० सांगितलं आणि ३५० आले तरी पैसे ४०० चेच, आणि ४५० आले तर वरच्या पन्नासांचा भाव काय, हे आधी ठरवायचं असतं. जेवणाआधी आपला एक माणूस हलवाईच्या माणसाबरोबर उभा राहून प्लेटा मोजून घेतो आणि शेवटी उरलेल्या मोजतो. भिडस्त माणूस ठेवू नका इथे. आमच्याकडे हे काम आतेभावाने केलं, तो बँकेत आहे, त्याला मोजताना लाज वाटत नाही. रात्री हिशोबाला बसलो तेव्हा समोरून आवाज आला की दीदी, आइस्क्रीम तर वेगळं ठरलं होतं. मी कप्पा उघडला, कागद काढला, समोर ठेवला. आवाज नाही चढवला, काही नाही. त्याने वाचलं, हसला, म्हणाला ठीक है भिया, आतेभावाकडे बघून. विषय संपला. ह्या एका मिनिटासाठी मी फाइलला चारातले दोन स्टार देते.

बाबांचा कप्पा म्हणजे घराचं काम. तिथे क्रम महत्त्वाचा, आणि क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. आधी गच्ची, कारण पाणी वरून येतंय तोपर्यंत खालच्या भिंतीवर काहीही लावा, ओल येणारच, लोणा फुटणार, पुट्टी पापड्यांसारखी सुटणार. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीवर पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खाली छताला डाग येतो का बघायचं, आणि हे झाल्याशिवाय त्या मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे बाबांनी कागदावरच लिहून घेतलं. मग वायरिंगची तोडफोड, मग जिथे प्लॅस्टर उखडलं तिथे नवीन, नवीन प्लॅस्टरला सुकायला साधारण चार आठवडे, मग पुट्टी, प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. पेंटरला घाई असते, तो म्हणतो सूख गया साहब. बाबा लग्नाच्या तारखेपासून उलटे मोजत गेले आणि प्रत्येक कामाच्या पुढे तारीख टाकली, त्यात ग्रहमखाच्या आधी आठ दिवस घर मोकळं पाहिजे, रंगाचा वास आणि शिड्या-डबे काही नको, असं ठरवलं. चार दिवस इकडेतिकडे झाले पण ते आठ दिवस हाताशी होते म्हणून निभावलं.

ठेकेदार स्क्वेअर फुटावर पैसे घेतो, तर मोजून घ्या स्वतः, टेप घेऊन. १२ बाय १० ची खोली, उंची १० फूट, चार भिंती झाल्या ४४०, छत १२०, एकूण ५६०. एक दार आणि एक खिडकी वजा केली तर ५२० च्या जवळ येतं. दार-खिडकी वजा करणार की नाही ते आधी बोला, पाच-सहा खोल्यांत फरक बराच पडतो. रंगाच्या दुकानात मशीनवर शेड बनवतात, त्या डब्यावरच्या स्टिकरवर शेडचा कोड असतो, तो स्टिकर काढून किंवा फोटो प्रिंट करून कप्प्यात टाका, नाहीतर सहा महिन्यांनी सोफा घासून गेलेली भिंत टचअप करायला जाल आणि दुकानदार विचारेल कौनसा क्रीम. बाथरूमच्या टाइल्सचंही तसंच, दहा टक्के जास्त घ्यायच्या आणि खोक्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवायचा, वेगळ्या बॅचचा रंग शेजारी लावल्यावर ओळखू येतो. आणि हो, तोडफोडीचा मलबा. सहा-सहा डबे वेगळे करणारं आपलं शहर, कचरागाडीत विटा-सिमेंट घेत नाहीत, निगमला वेगळं सांगून उचलायला लावा, रस्त्याकडेला ढीग केलात तर दंड. हा खर्च बहुतेक लोक बजेटमध्ये धरतच नाहीत.

आता गंमत बघा, दोन्ही कामं एका फाइलमध्ये असण्याचा खरा फायदा. एका रविवारी दादाने टेंटचा कागद वाचला, त्यात गच्चीवर छत टाकणार म्हणून लिहिलं होतं, पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी. बाबांनी लगेच विचारलं, पाइप कशावर उभे करणार? फोन लावला तर टेंटवाला म्हणाला, दोन-चार कीलें ठोक देंगे ना. ताज्या वॉटरप्रूफिंगवर खिळे! बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग ठरलं की गच्चीत एकही खिळा नाही, पाइप वाळू भरलेल्या डब्यांत उभे, डब्यांखाली प्लायचे तुकडे, दोऱ्या कठड्याला. हे दोन्ही कप्प्यांत लिहिलं गेलं. टेंट एका वहीत आणि गच्ची दुसऱ्या माणसाच्या डोक्यात असती तर हे पुढच्या पावसाळ्यात छत टपकल्यावर कळलं असतं.

दागिन्यांचा कप्पा छोटा पण काटेकोर. सराफ्यातून घ्या नाहीतर मोठ्या शोरूममधून, बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ वेगवेगळं लिहिलेलं हवं, वर ३ टक्के जीएसटी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख कोड, असावाच लागतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कुठल्या शुद्धतेचा नोंदलाय ते दिसतं. आईने दुकानातच बसून बघितलं, मंगळसूत्राच्या वाट्यांचापण. बिल कप्प्यात. दागिने मात्र कप्प्यात ठेवू नका, आहेराची पाकिटंपण नाही, फाइलला कुलूप नसतं आणि लग्नघरात ती सगळ्यांच्या हातात फिरते.

मामांच्या कप्प्याबद्दल एकच, रेल्वेचं रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होते, आणि घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात अजून चार महिनेच आहेत. पुण्याहून, ग्वाल्हेरहून, बडोद्याहून कोण येणार त्यांची यादी आणि बुकिंग कधी उघडतं ती तारीख एका कागदावर, मामा त्या सकाळी एकेकाला फोन करून उठवायचे. पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला, ती देऊन आल्यावर बाकीच्या वाटायला निघाले, यादीवर टिक करत.

पाहुण्यांची यादी फाइलमध्ये ठेवू नका पण, ती रोज बदलते, खाडाखोड होऊन वाचता येत नाही. त्यासाठी गुगल शीट बरी, फुकट आहे, चेकबॉक्स टाकता येतो, सगळ्यांना एकाच वेळी दिसते, आणि आकडा आपोआप जुळतो म्हणजे हलवाईला सांगायचा तो आकडा तिथूनच. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त निरोपाला, हिशोबाला नाही, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं वाहून जातं.

आता तो कापलेला स्टार. माझी फाइल ए-फोर साइजची निघाली आणि हॉलचा स्टॅम्पपेपरवरचा करारनामा लांब असतो, तो दुमडूनच ठेवावा लागला, झाकण नीट बसेना. पत्रिकांचे नमुने आणि साडीची शेडकार्डं जाड असतात, ती कोंबली की खालची शिवण सुटायला लागते, आमच्या नऊ नंबरची सुटली, सेलोटेपवर चालवलं. लेबलं बोटाच्या नखाएवढी, आत्याला वाचता येईनात, शेवटी स्केचपेनने मोठे नंबर घातले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यामुळे स्टार गेला. इलेक्ट्रिकच्या दुकानाचं पंख्यांचं बिल, तेच चकचकीत कागदाचं मशीनमधून निघणारं, काही आठवड्यांत अर्धं पुसट झालं, वॉरंटीची तारीखच दिसेना. तो थर्मल कागद असतो, त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळं उमटतं, आणि मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकला चिकटून राहिला की प्लॅस्टिकमधली रसायनं ते अक्षर खातात, ऊन लागलं तरी जातं. म्हणून थर्मल बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स, मूळ बिल झेरॉक्सच्या घडीत, आणि फोटो शीटच्या फोल्डरमध्ये. दादाने सगळ्या कागदांचे फोटो रविवारी काढायचं काम घेतलं होतं, म्हणून वॉरंटी वाचली.

कुणी घेऊ नये? सगळं इव्हेंटवाल्याला दिलं असेल तर तुम्हाला फाइल नको, त्याच्याकडून फक्त लेखी यादी घ्या. रजिस्टर लग्न आणि पन्नास माणसांचं जेवण असेल तर पाच कप्प्यांची छोटी मिळते, ती पुरे. पण घरातलं लग्न, शंभर माणसांचा राबता, आणि बाजूला मिस्त्री-पेंटर, असं असेल तर तेरा कप्पेसुद्धा पुरत नाहीत, आम्ही पूजा आणि गुरुजी एकाच कप्प्यात बसवले.

घेताना एफसी साइज मागा, फुलस्केप, ए-फोर नको, दुकानदार आतून काढून देतात. पूर्ण उघडून तळाची शिवण बघा, पट्टा दोनदा जोरात ओढा. नाकाला लावून बघा, पावसाळी रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते मऊ पीव्हीसी, कडक पॉलिप्रॉपिलीनची दाखवा म्हणा, तीस-चाळीस रुपये जास्त गेले तरी. आणि पारदर्शक घेऊ नका, हलवाईचा भाव बाहेरून वाचता येतो.